आतला वेढा

यंदा बडोद्याला थंडी जरा उशिराच आली. डिसेंबर अर्धा उलटला तरी पंखे चालू होते, आणि मग एका सकाळी समा भागातल्या आमच्या सोसायटीतले सगळे एकदम मफलर गुंडाळून दुधाला निघालेले दिसले. मी लगेच खसखस निवडायला घेतली. संक्रांतीच्या हलव्याला काटा यायचा तर हवा अशी कोरडी, बोचरी लागते. दमट हवेत पाक नुसता चिकटतो. परात मंद आचेवर ठेवायची, चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. बोटं पोळतात, पाठ भरून येते, घरातले लोक बाजारात अर्ध्या कष्टात हलवा मिळतो म्हणून सुनावून जातात. पण एखाद्या दिवशी त्या दाण्यांवर बारीक पांढरे काटे उभे राहतात आणि मी भिंग घेऊन बघत बसते. शेजारच्या ज्योत्स्नाबेन म्हणतात, या बाईनं रसोड्यात लॅबोरेटरी उघडली आहे.

ते काटे बघितले की मला समुद्रातले जीव आठवतात. जीव आठवले की मागची एक संक्रांत आठवते, आणि त्या संक्रांतीबरोबर माझा हेवा.

जावेचा हेवा, शेजारणीच्या सुनेचा हेवा, स्टाफरूममधल्या बाईचा हेवा, याबद्दल आमच्या भिशीत कुणीही तोंडभरून बोलेल. पोटच्या पोरीचा हेवा वाटला, असं मात्र कुणी म्हणत नाही. मला वाटला. चांगला सणसणीत वाटला आणि अख्खा पौष पुरला.

आधी ते जीव काय ते सांगते, नाहीतर बाई कशावरून एवढी जळली ते कळायचं नाही. समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारे हे जीव एकाच पेशीचे असतात. डोळ्यांना दिसायचे नाहीत, दिसलाच तर खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान ठिपका. एवढासा जीव, पण घर बांधतो चुन्याचं. आधी एक गोल कप्पा. वाढला की त्याला लागून दुसरा, थोडा मोठा. मग तिसरा, आणखी मोठा, असे वळत वळत वेढे घेत जातो. जुना कप्पा पाडत नाही. सगळ्यात पहिला, बाळपणचा कप्पा अगदी आत, मधोमध तसाच राहतो. जिवंतपणी कित्येकांना बाहेरून काटे असतात, आपल्या हलव्यासारखे. मेले की काटे गळतात आणि कवच तळाच्या चिखलात जाऊन पडतं. तो चिखल धुऊन, चाळून, वाळवून मायक्रोस्कोपखाली ही कवचं वेचायची, हे माझं तरुणपणीचं काम. यावर मी डॉक्टरेट केली आणि मग पुढं सगळी नोकरी कॉलेजात पोरांना खडकांचे प्रकार शिकवण्यात गेली. तक्रार नाही. पगार वेळेवर होता.

वेचायचं म्हणजे अगदी बारीक कुंचला घ्यायचा, त्याचं टोक जिभेवर ओलं करायचं आणि कवचाला नुसता स्पर्श करायचा. ओल्या टोकाला ते चिकटतं. मग डिंक लावलेल्या काळ्या स्लाइडवर अलगद ठेवायचं. किती चिखल जिभेवर गेला असेल देव जाणे. डिपार्टमेंटच्या त्या खोलीत हिवाळ्यात उन्हाचा एक पट्टा टेबलावर यायचा आणि मी टेबल सरकवत त्याच्या मागं मागं जायची. बाहेर रस्त्यावर मांजा रंगवणारे बसलेले असायचे, त्यांच्या गुलाबी दोऱ्या खांबाखांबांना ताणलेल्या. मला वेचायला बसलं की जेवणाची शुद्ध राहत नसे. त्या काळात मला कुणाचा म्हणून हेवा वाटला नाही, हेही सांगून ठेवते.

माझ्या चिखलात दोन प्रकारची कवचं निघायची. एक मोठं, फुगीर. एक लहान, चपटं. पुस्तकात ती दोन वेगळ्या जाती म्हणून दिलेली. मला मात्र बघता बघता वाटायला लागलं की हे लहान म्हणजे त्या मोठ्याचंच पोर आहे. दोन जाती नाहीतच, एकाच जिवाची दोन वयं आहेत. माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. सर म्हणाले, दाखव. दाखवायचं तर मोठं कवच बाहेरून एकेक कप्पा सुईनं फोडत आत जायचं, आणि आतला वेढा त्या लहानग्यासारखा निघतो का ते बघायचं. मी फोडत गेले. कवचांचा नुसता भुगा व्हायचा. एखादं अर्ध्यापर्यंत टिकायचं आणि मग तेही जायचं.

एकदाच जमलं. शेवटपर्यंत गेले, आणि आत बसलेलं होतं ते लहानगं पोर, जसंच्या तसं. मी ते कुंचल्यावर घेतलं. थंडी होती म्हणून आईनं त्याच आठवड्यात घेऊन दिलेला नवा कोरा स्वेटर अंगात होता, चकचकीत, कृत्रिम लोकरीचा. कोरड्या हवेत असला स्वेटर घालून वेचायला बसू नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. स्वेटरवर वीज साठते. मी हात उचलला आणि कवच कुंचल्यावरून उडालं, बाहीकडं झेपावलं आणि गेलं. स्वेटर मी कागदावर झटकला, शिवण उसवून बघितली, भिंगाखाली बाही इंच इंच तपासली. नाही मिळालं. सर समजूतदार होते, पण जे फक्त मी पाहिलं त्यावर पेपर कसा लिहिणार, म्हणाले. प्रबंधात एक वाक्य ठेवू दिलं, शक्यता नाकारता येत नाही, एवढंच. माझं नाव छापून कुठं आलं नाही ते नाहीच. पण मी पाहिलं होतं, आणि मला खात्री होती. लोक देवळात जातात, मी त्या आठवणीत जात असे.

आता केतकी. माझी एकुलती एक. हिला दगडांचं, शंखांचं, मातीचं लहानपणापासून वावडं. गणित शिकली, बंगळूरला एका संशोधन संस्थेत लागली. शिकवलं मी काहीच नाही, त्यामुळं कौतुक होतं. मग एकदा फोनवर सहज म्हणाली, की सध्या आमच्याकडे प्लवकांच्या, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या जिवांच्या, कवचांचं काम आलंय, थ्री-डी स्कॅनिंग, मी त्याचं मॉडेल करते. सहज म्हणाली. तुझीच ती कवचं असंही नाही, तुला विचारायचं होतं असंही नाही. मी फोन ठेवला आणि ओटा पुसला. पुसलेलाच होता, परत पुसला.

नाताळच्या सुट्टीत ती घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर, मी उंधियूसाठी पापडी सोलत असताना, तिनं लॅपटॉप उघडला. तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरकडच्या स्कॅनसारखंच असतं म्हणाली, फक्त इथं माणसाभोवती मशीन फिरतं त्याऐवजी कवचच मशीनमध्ये हळूहळू स्वतःभोवती फिरतं. एक्स-रे त्याच्या आरपार जातात. काकडीच्या चकत्यांसारखी शेकडो चित्रं निघतात, कॉम्प्युटर ती एकावर एक रचतो आणि अख्खं कवच उभं करतो. फोडायचं नाही, सुई नाही, भुगा नाही. तिनं बोटानं ते कवच पडद्यावर फिरवलं, तोंडापाशी आणलं आणि आत शिरली. शेवटच्या कप्प्यातून त्याच्या आधीच्यात, तिथून त्याच्या आधीच्यात. भिंती पांढऱ्या, स्वच्छ. प्रत्येक कप्प्याचं दार दिसत होतं. मी पाच वर्षं ज्या घराच्या बाहेर उभी होते त्या घरात ही मुलगी चपला घालून फिरत होती.

आमचे हे रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून पेपर आणि पतंग एवढंच बघतात. ते उठून आले, चष्मा लावला आणि तिला प्रश्न विचारायला लागले. हा जीव खातो काय, दार एवढं लहान का, किती दिवस जगतो. केतकीला यातलं काही येत नव्हतं. मला सगळं येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला यातला एक प्रश्न विचारला नव्हता. मी पापडी सोलत राहिले. उत्तरं मीच दिली, पण ती पडद्याकडं बघून ऐकली गेली.

मग तिनं तिचा खरा खेळ दाखवला. ती म्हणाली, एक कवच कसं वाढेल हे सांगायला तिला तीनच आकडे पुरतात. नवा कप्पा आधीच्यापेक्षा कितीपट मोठा, किती वळून बसला आणि किती खाली घसरला. हे तीन आकडे दिले की पहिल्या कप्प्यापासून कॉम्प्युटर एकेक कप्पा लावत जातो. आणि खरंच, आमच्या डोळ्यांदेखत एक कवच वाढलं. समुद्र नाही, मीठ नाही, चिखल नाही, डायनिंग टेबलावर. आकडे जरा बदलले की दुसरंच कवच. तिनं एकाची मोठी प्रतही करून आणली होती, प्लास्टिकची, पेरूएवढी. यांनी ती शोकेसमध्ये मधोमध ठेवली. माझा प्रबंध माळ्यावर आहे, जुन्या कूलरच्या मागं.

इथं तुम्ही म्हणाल, की आईनं पेरलं ते मुलीत उगवलं, आतल्या कप्प्यात आई असते वगैरे. कृपा करून म्हणू नका. मला तेव्हा असलं काही वाटलं नाही. मला वाटलं, हिला हे फुकटात मिळालं.

दोन दिवसांनी तिनं विचारलं, तुझ्या स्लाइड अजून आहेत का. तिच्या मॉडेलला लहान आणि मोठी अशी एकाच जागची कवचं हवी होती आणि माझा चिखल जिथला, तिथला नमुना आता दुसऱ्या कुणाकडं नव्हता. स्लाइडची पेटी माझ्या कपाटात पैठणीच्या मागं होती. मी म्हटलं, बघावं लागेल, कुठं ठेवलीत आठवत नाही. सरळ खोटं. दोन दिवस मी ते खोटं सांभाळलं. भाजी आणायला जाताना कपाटाला कुलूप लावलं, जे आमच्याकडं कधी लावत नाहीत. पेटी दिली असती तर माझ्या प्रश्नाचं उत्तर निघणार होतं, हे मला कळत होतं. माझं लहानगं त्या मोठ्याच्या आत आहे की नाही, हे एकदाचं दिसलं असतं. पण ते आधी तिला दिसलं असतं. मला ते उत्तर हवं होतं आणि ते तिच्याकडून नको होतं. या दोन्हींत मी इतकी चिडचिड केली, की यांनी डॉक्टरकडं जाऊन बीपी बघून यायचं सुचवलं.

शेवटी दिली. मोठेपणानं नाही दिली. न जाणता मरायची वेळ आली तर काय, या भीतीनं दिली. देताना सगळं सांगितलं. ते वाक्य, तो स्वेटर, आत पाहिलेलं पोर. केतकी नीट ऐकत होती. लहानपणी तापात असताना गोष्ट ऐकायची तशी. म्हणाली, आई, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मी म्हटलं, तू कधी विचारलंस?

स्लाइडवरून कवच उचलायचं तिला येत नव्हतं. मी कुंचला दिला, जिभेवर ओला कर म्हटलं. तिनं तोंड वाकडं केलं, पण केला. पहिलं कवच तिनं चिरडलं. दुसरं उडवलं. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. माझ्या हातात अजून ते आहे आणि हिच्या हातात नाही, या आनंदात मी तिला मागच्या गॅलरीत उन्हात बसवून छान शिकवलं. सुती कपडे घालायला लावले. ओल्या फडक्यानं टेबल पुसून घेतलं. संध्याकाळपर्यंत तिला जमायला लागलं, तसं मला वाईट वाटायला लागलं. चांगली पाच-सहा कवचं तिनं चिमुकल्या नळ्यांत बसवली, डब्यात कापूस घालून नीट ठेवली आणि बंगळूरला गेली.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. संक्रांत आली म्हणून तीळ भाजले, गुळाचा पाक दोनदा बिघडवला. फोनवर ती हवापाण्याचं बोलायची. मशीनला नंबर लागलाय, म्हणाली. मग स्कॅन झालंय, म्हणाली. मग काहीच म्हणाली नाही, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरी आली. बापाबरोबर फिरक्या आणायला गेली. माझ्याकडं बघेना. मुलं परीक्षेत नापास झाली की अशीच घरात वावरतात. इथं नापास कोण झालं होतं ते मला कळायला वेळ लागला नाही.

आमच्याकडं संक्रांत म्हणजे उत्तरायण, आणि उत्तरायण म्हणजे माणसं दिवसभर गच्चीवर. सकाळपासून भोंगे, आरडाओरडा, पतंग कापला की चौफेर 'काप्यो छे'. ज्योत्स्नाबेनकडची चिक्की, आमचा तिळगूळ. दुपारी जिलेबी आणायला म्हणून मी केतकीला खाली आणलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. उघड तो लॅपटॉप, म्हटलं.

तिनं उघडला. मोठं कवच घेतलं, बाहेरचे कप्पे एकेक करून पुसून टाकले. मी सुईनं करायची तेच, पण भुगा न होता. आतला वेढा उरला. शेजारी तिनं लहान कवच आणून ठेवलं. वरून पाहिलं तर दोन्ही सारखी. तेच ते. मी जे पाहिलं होतं ते तेच होतं. मी खुर्ची ओढून बसले.

मग तिनं दोन्ही कवचं आडवी केली. बाजूनं बघितलं, तर माझं लहानगं चपटं आणि मोठ्याच्या आतलं उंच, भोवऱ्यासारखं निमुळतं. मायक्रोस्कोपखाली कवच आडवं करून ठेवलं नाही तर आपण वरूनच बघतो. बाजू दिसतच नाही. आतल्याची बाजू मला कधी दिसलीच नव्हती, आडवं करायच्या आत ते उडालं होतं. तिनं लहानग्याचे तीन आकडे घेऊन ते पुढं वाढवून दाखवलं. एकेक कप्पा लागत गेला आणि जे झालं ते मोठ्याच्या आसपासही नव्हतं. वरच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला, पायांचा दणदणाट झाला. मी म्हटलं, परत कर. तिनं परत केलं. आणखी तीन कवचांवर केलं. प्रत्येक वेळी तेच.

इतकी वर्षं मी ज्या एका क्षणावर उभी होते तो क्षण खरा होता. मी त्यातून काढलेलं मात्र खोटं होतं. दोन जाती त्या दोन जातीच. पुस्तक बरोबर होतं. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो तिच्यावर आला, कारण समोर तीच होती.

केतकीनं लॅपटॉप अर्धा मिटला. "आई, मी हा भाग पेपरात घालत नाहीये," ती म्हणाली. "मॉडेलला त्याची गरज नाही. तुझा प्रबंध कुणी वाचलेला नाही, कुणी विचारणारही नाही. तुझं नाव येणार नाही, म्हणजे मग..."

तिच्या चेहऱ्यावर एवढी माया होती, की मला ती सोसेना. मला वाचवायला निघाली होती. उंबऱ्यावर ठेच लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून आत घेतात ना, तशी. आणि मला एकदम दिसलं की काय होणार आहे. कवचं माझी, जागा माझी, प्रश्न माझा, आणि पेपरभर तिचं नाव. मी बरोबर असते तर ते तिनं शोधलं असतं. चुकले, तर तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता असं होणार होतं. दोन्हीकडून मी नव्हतेच.

"घाल," मी म्हटलं. "हा प्रश्न कुणी विचारला होता, कुठं विचारला होता, सगळं घाल. नावानिशी घाल. आणि खाली लिही की ते चुकीचं आहे."

ती म्हणाली, अगं, लोक वाचतील. मी म्हटलं, त्यासाठीच छापतात ना. ती म्हणाली, आपण जरा मवाळ लिहू, पुरावा आढळला नाही असं काहीतरी. मी म्हटलं, मवाळ नको. मवाळ वाक्य एकदा लिहून झालंय माझं, त्यानं माझा जन्म खाल्ला. चुकीचं आहे, असंच लिही. बाजूनं पाहिलं नव्हतं म्हणून चुकलं, हेही लिही. मग ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि तिनं विचारलं, नाव कुठलं घालू, लग्नाआधीचं की आत्ताचं? प्रबंधावर लग्नाआधीचं होतं. तेच घाल म्हटलं. तिनं टाईप केलं. यांनी वरून जिलेबीसाठी हाका मारल्या, त्या आम्ही ऐकल्या नाहीत.

पेपर छापून आला त्याला आता बराच काळ झाला. केतकीला त्यावर बाहेरच्या देशातून पत्रं आली, बोलावणी आली. हेवा गेला का म्हणाल तर नाही गेला. अजूनही ती पडद्यावर आत शिरते तेव्हा मी उठून पुसलेला ओटा परत पुसते. पण त्या पेपरात सातव्या पानावर एक वाक्य आहे, ज्यात माझं माहेरचं नाव आहे आणि मी चुकले असं स्वच्छ लिहिलेलं आहे. बाकी सगळा पेपर तिचा. ते वाक्य माझं आहे, आणि ते मी तिला देणार नाही.